हात उगारला नाही, तरीही?

प्रश्न : माझं वय 36. आईने मला कधी मारलं नाही. पण गणितात मार्क कमी पडले की पाहुण्यांसमोर म्हणायची, 'हिच्याऐवजी दगड जन्माला आला असता तर धुणं धुवायला तरी झाला असता.' आता साहेबांनी नुसती हाक मारली तरी छातीत धडधडतं, रात्री झोप लागत नाही. मानसशास्त्रज्ञ मॅडमनी 28 विधानांची प्रश्नावली भरून घेतली. भावनिक छळाच्या भागात 17 गुण आले, बाकी भागांत अगदी कमी. धाकटा भाऊ म्हणतो, 'ताई, असं काही झालंच नव्हतं. सगळ्याच आया बोलतात.' मी बाऊ करतेय का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : 'दगड' हा शब्द वाचून मी पत्र खाली ठेवलं. हे वाक्य माझ्यासमोर बसून पन्नाशीच्या माणसांनीही सांगितलंय, आणि सांगताना त्यांची मान खाली गेलेली असते.

तुमच्या वर्णनावरून ही डेव्हिड बर्नस्टीन आणि लॉरा फिंक यांची, बालपणीच्या छळाविषयीची प्रश्नावली वाटते. तिच्यात भावनिक छळाची पाच विधानं असतात. प्रत्येकाला 1 ते 5 गुण, म्हणजे बेरीज 5 ते 25. सोळा किंवा त्याहून जास्त गुण 'तीव्र' धरतात. तुम्ही बाऊ करताय का, हे विचारलंत म्हणून सांगते : त्या 28 मध्ये 3 विधानं अशी आहेत, की माणूस आपलं बालपण फारच गोड करून सांगतोय का, ते त्यावरून कळावं. बाऊ पकडायला मात्र एकही नाही. प्रश्नावली करणाऱ्यांना काळजी होती ती झाकून ठेवणाऱ्यांची.

भावाला खोटं ठरवू नका. दगड त्याला म्हटलं नव्हतं. लहानपणी झालेली नोंद आणि मोठेपणी सांगितलेली आठवण यांची तुलना करणारे 16 अभ्यास 2019 साली एकत्र तपासले गेले. ज्यांच्या छळाची नोंद होती, त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांनी मोठेपणी तो सांगितलाच नाही. आणि ज्यांनी सांगितला, त्यांतल्याही निम्म्याहून अधिक जणांची नोंद सापडली नाही. आईच्या बोलण्याची नोंद कोण ठेवणार होतं?

17 हा आकडा आईवरचा निकाल नव्हे, आणि तुमच्या आजाराचं नावही नव्हे. भावनिक छळ सोसलेल्यांत पुढे नैराश्याची शक्यता सुमारे तिप्पट असल्याचं 2012च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं, पण ते समूहाचं गणित. तुमची झोप आणि धडधड वेगळी तपासायला हवी. थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या, हे मी प्रत्येकीला सांगते.

आईला जाब विचारायची घाई नको. आधी मॅडमना ते वाक्य जसंच्या तसं सांगा, पाहुणे कोण होते तेही. प्रश्नावलीत त्याला जागा नव्हती. मधल्या काळात रात्री फार घाबरायला झालं, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक लावा. तिथे मराठीत बोलता येतं.