क्रियापद एकटं पाठ करू नकोस

इंग्रजी क्रियापदांच्या याद्या घोकणं आधी बंद कर. वहीत नुसतं 'डिपेंड' नको, 'डिपेंड ऑन' असं जोडीनेच उतरव. इथे मराठीतलं 'वर' नेमकं जुळतं, त्यामुळे फारसं कुणी चुकत नाही. घोळ होतो तो 'डिस्कस'पाशी. आपण विषया'वर' चर्चा करतो, म्हणून हात आपोआप 'डिस्कस अबाउट' लिहून जातो. तिथे अबाउट नकोच, थेट 'डिस्कस द प्लॅन'. गंमत म्हणजे 'डिस्कशन' हे नाम आलं की तोच अबाउट चालतो! तर्क शोधत बसू नकोस, डोकं पिकेल. चूक 'मेक' करतात, गृहपाठ 'डू'. नवं क्रियापद भेटलं की लर्नर्स डिक्शनरीतली, म्हणजे भाषा शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशातली, उदाहरणं आधी वाच, अर्थ नंतर. आणि ते 'गिव्ह एक्झाम' आजच सोड, परीक्षेला बसणारा 'टेक' करतो.