‘यशस्वी’ म्हणतंय पण नेटवर्क येत नाही: ड्रायव्हर बदलण्याआधी कार्डाचा आयडी बघा

तुम्ही लिहिलंय की इमेजिंगचा (म्हणजे डिस्कची साठवलेली प्रत परत टाकायचा) बूट पेनड्राइव्ह तयार केला, बूट.विममध्ये (पेनड्राइव्हवरून जी छोटी विंडोज चालू होते तिच्या फाइलमध्ये) लॅनचा ड्रायव्हर तीनदा घातला, डिझम या विंडोजच्या कमांडने तिन्ही वेळा काम यशस्वी झाल्याचं सांगितलं, आणि तरी नव्या मशीनवर नेटवर्कचा पत्ता दाखवणारं आयपीकॉन्फिग नुसतं शीर्षक दाखवून गप्प बसतं. आणि इमेज आहे नेटवर्कवरच्या स्टोअरेजमध्ये. वाचता वाचता घशात आवंढा आला, कारण याच जागी माझे अकरा दिवस गेले होते.

विम माउंट कशी करायची (उघडायची), कमिट कसं करायचं (बदल जतन करायचे) हे तुम्हाला येतंय, त्यात शिरत नाही. सरळ मुद्द्यावर येतो.

माझ्या जुन्या मशीनची डिस्क गेली म्हणून त्याच कंपनीचं पुढच्या पिढीतलं मशीन घेतलं. जुन्यावर लॅन कार्ड होतं इंटेल आय२१९-व्ही. नव्याच्या माहितीपत्रकातही आय२१९-व्ही. नाव तेच, म्हणजे ड्रायव्हर तोच, असं मी गृहीत धरलं. दोन वर्षं बिनतक्रार चाललेला पेनड्राइव्ह होता, त्यावर शंका घ्यावी असं वाटलंच नाही. बूट केलं, आयपीकॉन्फिग रिकामं. मग तुम्ही करताय तेच मी केलं: ड्रायव्हर काढला, परत घातला, विम नव्याने बनवली, पेनड्राइव्ह बदलला, केबल बदलली.

शेवटी मशीन बनवणाऱ्यांच्या मदत केंद्राला फोन केला. (नाव घेत नाही, आणि आज तिथे काय परिस्थिती आहे यावर माझं काही म्हणणं नाही.) त्यांनी मॉडेल नंबर विचारला आणि इन्स्टॉलरची लिंक पाठवली. मी सांगितलं की विंडोज चालूच होत नाही, मी विनपीईत, म्हणजे पेनड्राइव्हवरच्या त्या छोट्या विंडोजमध्ये आहे, मला सेटअपची एक्सई नको, ड्रायव्हर कुठल्या कार्डांसाठी आहे ते सांगणारी आयएनएफ फाइल हवी. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाने तीच लिंक पाठवली. तिसऱ्याने निदान केलं की लॅन पोर्ट खराब आहे, मदरबोर्ड बदलावा लागेल. पोर्टवरचा दिवा लागतोय हे मी दोनदा सांगितलं. तरी बोर्ड बदलला गेला. बोर्ड येण्यात आठवडा गेला, नव्या बोर्डावरही चिप अर्थातच तीच, आणि आयपीकॉन्फिग पुन्हा रिकामं. त्या एका आठवड्याचा राग अजून गेलेला नाही. कार्डाचा हार्डवेअर आयडी (चिपचा ओळख क्रमांक) काय आहे, हा एक प्रश्न तिघांपैकी कोणीही विचारला नाही.

अकराव्या दिवशी मी एक लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावला. नेटवर्क लगेच आलं. म्हणजे कार्ड ठणठणीत होतं. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही कमांड एनएन पर्यायासह दिली, तर इथरनेटच्या ओळीत शेवटी कंसात दिसलं ८०८६:१५बीसी. माझ्या ड्रायव्हरची आयएनएफ नोटपॅडमध्ये उघडून शोधलं. १५बी८ होतं, १५बीसी कुठेच नव्हतं. आय२१९-व्ही या एकाच नावाखाली इंटेलने वेगवेगळ्या पिढ्यांत वेगवेगळे डिव्हाइस आयडी दिलेत, आणि विंडोज नाव बघत नाही, आयडी बघते. १५बीसी असलेली नवी आयएनएफ शोधून घातली आणि वीस मिनिटांत रीस्टोअर सुरू झालं.

डिझमचं ‘यशस्वी’ म्हणजे एवढंच की ड्रायव्हरचं पॅकेज विमच्या ड्रायव्हर स्टोअरमध्ये जाऊन पडलं. ते तुमच्या कार्डाला लागू आहे की नाही, हे त्याला कळायला मार्गच नाही. त्या क्षणी कार्ड त्याच्या समोर नसतं. जुळवाजुळव होते बूट झाल्यावर, डब्ल्यूपीईइनिट ही विनपीईची सुरुवातीची कमांड चालते तेव्हा. आणि आयडी जुळला नाही तर पडद्यावर एरर येत नाही, फक्त रिकामं आयपीकॉन्फिग मिळतं.

तेव्हा तुम्ही आता विमला हात लावू नका. आधी आयडी काढा. लिनक्स नको असेल तर विनपीईतच रेजएडिट (रजिस्ट्री बघायचा प्रोग्राम) उघडा आणि एचकेएलएम, सिस्टम, करंटकंट्रोलसेट, एनम, पीसीआय या वाटेने खाली जा. तिथे व्हेन आणि डेव्ह अशा नावांची बरीच फोल्डरं दिसतील. ज्याच्या कम्पॅटिबल आयडींमध्ये सीसी_०२०० आहे ते इथरनेट कार्ड. व्हेन ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक. डेव्हपुढची चार अक्षरं कागदावर लिहून घ्या. शेवटचं अक्षर नीट बघा: ८ आणि सी यांच्यातल्या फरकाने माझे अकरा दिवस खाल्ले.

मग ती चार अक्षरं ज्या आयएनएफमध्ये सापडतील तोच ड्रायव्हर घ्या, सोबतच्या सिस आणि कॅट फाइलींसकट. तोही लगेच विममध्ये घालू नका. दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा, विनपीईत बूट करा, ड्रव्हलोड कमांडला आयएनएफचा पूर्ण पत्ता द्या, मग डब्ल्यूपीईयूटिलने इनिशियलाइझनेटवर्क चालवा आणि आयपीकॉन्फिग बघा. पत्ता आला तर ड्रायव्हर बरोबर, आता तो विममध्ये कायमचा घाला. विनपीई रॅममधून चालतं, त्यामुळे ड्रव्हलोडने घातलेलं रीस्टार्टनंतर उरत नाही. पण चाचणीला यासारखी दुसरी सोय नाही. दर वेळी विम उघडून-मिटून बघणं हा वेळेचा निव्वळ नाश आहे, असं माझं ठाम मत आहे.

ड्रायव्हर निवडताना तो पेनड्राइव्हवरच्या विनपीईच्या आवृत्तीला चालणारा हवा. मशीनच्या डिस्कवर कुठली विंडोज आहे याचा इथे संबंध नाही. ६४ बिटचं विनपीई असेल तर ड्रायव्हरही ६४ बिटचाच.

आयपीकॉन्फिगमध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर ड्रायव्हर बदलत बसू नका. कार्ड ओळखलं गेलंय, पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून उत्तर आलेलं नाही. स्विचवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये वेटोळं होऊ न देणारी सोय) चालू असेल तर पोर्ट खुला व्हायला तीसेक सेकंद जातात. थोडं थांबून आयपीकॉन्फिग रिन्यू करा.

नेटवर्क आल्यावर डिस्कच दिसली नाही तर घाबरू नका. अलीकडच्या इंटेल मशीनवर व्हीएमडी (डिस्क सांभाळायची इंटेलची सोय) चालू असेल तर स्टोअरेजचाही ड्रायव्हर लागतो, आणि तो ड्रव्हलोडने असाच तपासता येतो. बायोसमधून व्हीएमडी बंद करायचा सल्ला बरेच जण देतात. मी देणार नाही, कारण ते चालू असताना घेतलेली इमेज बंद असताना बूट होईलच असं नाही. वायफायच्या भरवशावरही राहू नका, नेहमीच्या विनपीईत ते नसतं.

हे सगळं माझ्या दोन-चार मशीनवरच्या अनुभवातून सांगतोय, तुमच्या इमेजिंग प्रोग्रामचा पेनड्राइव्ह बनवायचा स्वतःचा विझार्ड असेल तर पायऱ्या थोड्या वेगळ्या असतील. पण तो विझार्ड तुम्ही जुन्या मशीनवर चालवला होता का, हे आठवून बघा. असे विझार्ड बरेचदा ज्या मशीनवर चालतात तिथलेच ड्रायव्हर उचलतात, आणि मग नव्या कार्डाचा त्यात पत्ताच नसतो.

डेव्हपुढची चार अक्षरं आणि तुमच्या विनपीईच्या काळ्या खिडकीत वर दिसणारा आवृत्ती क्रमांक कळवा. कुठली आयएनएफ लागेल ते मी बघून सांगतो.