एमएस आहे, डावा पाय ओढतो. लहानपणी शिकलेली घोडेस्वारी पुन्हा सुरू करता येईल का?

येईल. पण लहानपणी शिकलेलं निम्मं विसरावं लागेल.

मला मल्टिपल स्क्लेरोसिसचं (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) निदान होऊन अकरा वर्षं झाली. उजवा पाय ताठतो, पंजा खाली पडतो. माहेर चिकोडी तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. अंकलीच्या शितोळे सरकारांचे माउलींचे अश्व दरवर्षी आळंदीला चालत निघतात, त्यांच्या पाया पडतच आम्ही मोठे झालो. घोडं सुटणं कठीणच होतं.

आम्हाला शिकवलं होतं, ‘मांड आवळ’. एमएसमध्ये मांड्या आपोआपच आवळतात. वर मी जोर लावला की पाय थरथरायचा, आणि टाच लागली समजून मामांचं घोडं सुटायचं. ते घोडा-बैलाच्या शर्यतीचं, त्याला इशारा पुरे. एकदा उसाच्या सरीत पडले. हाडं वाचली, चष्मा गेला. मग मामांनी एक म्हातारी, ठेंगणी घोडी आणली. म्हणाले, “ही पळीव म्हटलं तरी पळायची न्हाई.”

तिच्यावर फक्त कदम चाल, दुडकीसुद्धा नाही. घोडं चालताना बसणाऱ्याची कंबर पुढंमागं, वरखाली, डावीउजवीकडे हलते, जवळजवळ आपण चालतो तशीच. हिप्पोथेरपी, म्हणजे घोड्यावर बसवून केलेले उपचार, याच चालीवर उभी आहे. माझे पाय पहिली पाच मिनिटं लाकूड असतात, मग सैलावून लोंबायला लागतात. उतरल्यावर तासभर बरं चालता येतं. रोग आहे तिथंच आहे.

पडण्यापेक्षा मला भीती रिकिबीत (खोगिराच्या पाय ठेवायच्या कडीत) पाय अडकून फरफटत जाण्याची. बधिर पंजा आत सरकला तरी कळत नाही. पुढून टोपीसारखी बंद रिकीब आणि टाचेचे बूट घ्या. पाय रिकिबीला बांधून मात्र घेऊ नका, सांगणारे भेटतील.

आणि ऊन. अंग जरासं तापलं की एमएसची लक्षणं वाढतात, निवलं की उतरतात. श्रमानंतर एमएसच्या रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते, हे उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच नोंदवलंय; ते उष्णतेमुळे होतं हे नंतर कळलं. म्हणून मी सकाळी साडेसहाला जाते, वीस मिनिटं. दमायच्या आधी उतरते, कारण उतरायलाही ताकद शिल्लक लागते. नवा झटका आला असेल, दुहेरी दिसत असेल किंवा चक्कर येत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय घोड्याजवळ जाऊ नका.

डाव्या पायावर भार देऊन चढायचा हट्ट सोडा. रिकीब न वापरता नुसतं बसता येईल इतका उंच कट्टा करून घ्या. आमच्याकडे ट्रॉली लावतात, बघणारे हसतात. डेन्मार्कच्या लिस हार्टेल पोलिओमुळे गुडघ्याखाली लुळ्या होत्या, चढा-उतरायला माणूस लागायचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घेण्याच्या स्पर्धेचं, रौप्यपदक घेतलं. हे सांगितल्यावर आमच्यातले थोडे कमी हसतात.

लगाम धरून चालणारं माणूस हवंच. माझ्यासोबत मामा असतात. निम्मा वेळ फोनवर असतात, तो भाग वेगळा.