तू आधीच बाजूला होऊ नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कारखान्यातली एक उत्पादन-लाइन सांभाळायचं, लाइन इन्चार्जचं पद तुला देऊ केलंय आणि तू ते सोडून ऑफिसात प्लॅनिंगला जायचं म्हणतेस. कारण वर्ष-दोन वर्षांत मूल होईल, तेव्हा कुणाची अडचण नको. अगं, अजून तुला कुणी अडवलेलंही नाही!

मी १९८० साली मेकॅनिकलचा डिप्लोमा करून पिंपरीतल्या एका कारखान्यात लागले. शॉपवर, म्हणजे यंत्रं चालतात त्या विभागात, बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. ऑफिसच्या इमारतीपर्यंत जावं लागे, म्हणून मी दिवसभर पाणीच कमी प्यायचे. पण खरी अडचण वेगळीच होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाप्रमाणे बाईला रात्रपाळीला ठेवता येत नसे. हेतू संरक्षणाचा. मात्र फोरमन व्हायचं तर तिन्ही पाळ्या केलेल्या हव्यात, मग माझं नाव यादीत येणार कुठून? माझ्याकडे काम शिकलेले दोघे फोरमन झाले, मी ड्रॉइंग ऑफिसात गेले. "तुमच्याच सोयीसाठी," साहेब म्हणाले. मलाही ते पटलं होतं, याचं अजून वाईट वाटतं.

१९८५ ला मला मुलगी झाली. बाळंतपणाची रजा बारा आठवडे. पाळणाघर मागायला गेलो, तर कायद्याने ते तीसहून जास्त बायका कामाला असतील तरच. आम्ही नऊ जणी! बायका कमी म्हणून पाळणाघर नाही, आणि पाळणाघर नाही म्हणून बायका टिकत नाहीत. सासूबाईंनी मुलीला सांभाळलं म्हणून मी टिकले. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण, माझ्याहून हुशार, राजीनामा देऊन गेली.

२०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवडे झाली, ती तुला ठाऊक आहेच. पण पाळणाघराचा आकडा बघ: ५० कर्मचारी असले की ते द्यावं लागतं, आणि त्या पन्नासांत पुरुषही मोजले जातात. मला रजेपेक्षा हा बदल मोठा वाटतो. मूल एकट्या बाईचं नाही, हे निदान कागदावर तरी आलं. रात्रपाळीही आता तुझी संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था असेल तर करता येते. रजेचा पगार मालकालाच द्यावा लागतो, त्यामुळे काही जण मनात हिशेब मांडतात, हे खरं आहे. तो त्यांचा हिशेब. तू त्यांच्या वतीने मांडू नकोस.

पद घे. पाळणाघर कुठे, रात्री ने-आण कोण करणार, रजेवरून परतल्यावर हीच जागा मिळेल का, हे सगळं लेखी विचार. आणि रात्रपाळीला बाळ कुणाकडे, हा प्रश्न नवऱ्यासमोर आत्ताच ठेव. मी तो एकटीनेच सोडवत राहिले. माझ्या नवऱ्याला कधी विचारलंच नाही.

सोमवारी उत्तर द्यायचंय ना? रविवारी दुपारी दोघंही घरी या. येताना कंपनीचं पत्र आण, उत्तराचा मसुदा आपण बसून करू.

तुझी,
मॅडम