कानगोष्टी : मिक्सर नको, पण हे हवं

प्रश्न : वय ४३, काम हिशेब तपासण्याचं. मला आवाजाचा फार त्रास होतो. मिक्सर लागला की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. पण महिन्याभरापूर्वी भाच्याने ‘गॉडफ्लेश’ नावाच्या बँडची ‘स्ट्रीटक्लीनर’ ही रेकॉर्ड ऐकवली. आधी वाटलं, कुणीतरी पिंपावर घण घालतंय आणि दुसरं कुणी विहिरीत पडून ओरडतंय. आता कामावरून आले की रोज ऐकते आणि ऐकून झालं की डोकं हलकं होतं. भाचा खूश, मिस्टर काळजीत. माझं काही बिघडलंय का?

उत्तर : ताई, काही बिघडलेलं नाही. आणि ‘विहिरीत पडून’ हे इतकं चपखल आहे की पुढे कधीतरी मी ते तुमचं नाव न सांगता वापरणार.

मिक्सर कधी लागेल आणि कधी थांबेल, हे तुमच्या हातात नसतं. तुमची चिडचिड आवाजापेक्षा त्या बेभरवशीपणाची आहे. या रेकॉर्डमध्ये पुढचा घाव कुठे पडणार हे दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनातच कळतं, आणि तो तिथेच पडतो.

एकोणिसाव्या वर्षी मी एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनवर पत्रा कापायच्या कारखान्यात, अप्रेंटिस होतो. पट्टी सरकवायची, पेडलवर पाय, धाड्. तुकडा काढायचा, पट्टी सरकवायची, धाड्. पहिला आठवडाभर डोकं ठणकायचं. तिसऱ्या आठवड्यात आवाज ऐकू येईनासा झाला, आणि मशीन बंद पडली की उलट दचकायला व्हायचं. शेजारचा जुना ऑपरेटर माझ्याकडे पाठ करून काम करायचा, पण पंच, म्हणजे पत्रा कापणारं मशीनचं हत्यार, बोथट झालं की न बघता ओरडायचा, “थांबव, बर येतोय!” (बर म्हणजे कापलेल्या काठावर उरणारी खरखरीत कडा.) धारदार पंच पत्र्यातून जाताना ‘टच्’ करतो, बोथट झाला की ‘खच्’. त्या गदारोळात त्याला एका अक्षराचा फरक ऐकू यायचा. मला तो ऐकू यायला सात महिने लागले.

पुढे कित्येक वर्षांनी ही रेकॉर्ड लावली. ‘लाइक रॅट्स’ हे पहिलं गाणं सुरू होऊन मिनिटही झालं नसेल, माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. हा नाचणाऱ्याचा पाय नव्हता, पेडलवरचा होता.

हा बँड इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहराचा, हे ऐकून तुम्हाला नवल वाटणार नाही. त्याच शहरात १९६५च्या सुमारास पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीनखाली गेली. नोकरीचा शेवटचा दिवस होता. गडी डावखुरा गिटारवाला, म्हणजे तारा दाबायची बोटं नेमकी तीच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे १९७१पर्यंत तारा चांगल्या तीन अर्धस्वरांनी सैल सोडल्या. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा तो जड, खाली बसलेला आवाज असा घडला. अशा जड रॉकला हेवी मेटल म्हणतात, त्यातलं ‘मेटल’ कुठून आलं यावर लोक वाद घालतात. मला तो पत्रा पुरेसा आहे.

‘स्ट्रीटक्लीनर’ आली १९८९मध्ये. गिटार आणि गळा जस्टिन ब्रॉडरिकचा, वय वीस. बेस जी. सी. ग्रीनचा, तोही असा खरवडणारा की फरशीवरून लोखंडी कपाट ओढतायत असं वाटावं. ड्रमर नाहीच, ठेका यंत्राचा. आणि सगळं संथ. आक्रमक म्हणजे वेगवान अशी आपली समजूत असते. वेगाचा प्रयोग ब्रॉडरिकने आधीच करून पाहिला होता : ‘नेपाम डेथ’ या बँडच्या १९८७च्या ‘स्कम’ या रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला गिटार त्याची आहे, आणि त्यातलं एक गाणं दीड सेकंदाच्या आत संपतं. (हो, सेकंदच. शिंक याहून लांबते.) त्यानंतर हा माणूस संथ झाला, आणि जड झाला. वजन कळायला दोन घावांमध्ये वाट बघावी लागते.

आता तुमचं डोकं हलकं का होतं? माझा अंदाज सांगतो. आपण चिडलो की सगळंच चढतं : आवाज, चाल, छातीतली धडधड. इथे माणूस जीव तोडून ओरडतो, गिटार किंचाळते, पण ठेका त्यांच्यासोबत तसूभरही चढत नाही. यंत्राला राग येत नाही. तुमचा दिवसभराचा राग त्या ठेक्याला बांधला जातो आणि त्याच्याच चालीने चालू लागतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून गोड बोलणाऱ्या बाईला याची गरज वाटली, तर मला त्यात काळजीचं काही दिसत नाही.

मिस्टरांना पुरावा हवा असेल तर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाचा २०१५चा अभ्यास आहे. असं संगीत आवडीने ऐकणाऱ्या ३९ जणांना आधी मुद्दाम चिडवलं, मग काहींना दहा मिनिटं आपलं आवडतं जहाल संगीत ऐकू दिलं, बाकीच्यांना शांत बसवलं. ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही, शांत बसणाऱ्यांसारखाच उतरला. माणसं ३९च, तेव्हा यावर पैज लावू नका. जेवताना सांगायला ठीक आहे.

प्रश्न : मी स्वतः ड्रम वाजवतो. ड्रम मशीन लावून रॉक करणं ही पळवाट नाही का?

उत्तर : पळवाट असती तर लपवली असती. ‘बिग ब्लॅक’ या अमेरिकन बँडने तर आपल्या यंत्राचं नाव, ‘रोलँड’, वादकांच्या यादीत छापलं. आणि गॉडफ्लेशने उलटा प्रयोगही केला : १९९६ आणि २००१च्या रेकॉर्डवर हाडामांसाचे ड्रमर घेतले. दोघेही पट्टीचे. २००१ची ‘हिम्स’ मी प्रामाणिकपणे चार वेळा ऐकली. ठेका श्वास घेतो, किंचित पुढे-मागे होतो, हात कुठे जोरात पडतो, कुठे हलका. एरवी मी याच गोष्टीवर जीव टाकतो. इथे मात्र कुणीतरी समजूत घालतंय असं वाटलं. बँड पुन्हा जमला आणि २०१४ला नवी रेकॉर्ड आली तेव्हा यंत्र परत आलं होतं. तुमच्या पोटावर पाय येणार नाही, निश्चिंत असा.

प्रश्न : हे मोठ्याने ऐकलं तरच कळतं म्हणतात. किती मोठ्याने?

उत्तर : म्हणणाऱ्यांना म्हणू द्या. अमेरिकेत कामगारांच्या कानांसाठी सुचवलेली मर्यादा आहे ८५ डेसिबल, आठ तास. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. आमच्या प्रेस शॉपमध्ये कानांसाठी कापसाचे बोळे मिळायचे, तेही मागितले तर. आणि एकोणिसाव्या वर्षी कोण मागतंय? माझ्या डाव्या कानात बारीक शिट्टी आजही चालू असते. रात्री दिवा मालवला की जास्त. हेडफोन निम्म्यावर ठेवा. ‘स्ट्रीटक्लीनर’ निम्म्यावरही जड वाटते. नाही वाटली तर हेडफोन बदला.