कादंबरीत खरं शहर घ्यावं की काल्पनिक गाव रचावं?

तुम्ही विचारलंय की पहिली कादंबरी लिहायला घेतलीय, गोष्ट नागपूरचीच आहे, तर नावं खरी ठेवू की एखादं काल्पनिक गाव उभं करू, आणि वाचकाला त्याने खरंच काही फरक पडतो का. मी म्हणेन खरं नागपूरच घ्या. वाचकाला फरक पडतोच, पण त्याच्याआधी लिहिणाऱ्याला पडतो आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

काल्पनिक गावात तुम्हाला अडवणारं कोणी नसतं. नदी पाहिजे तिकडे वळवा, पाऊस पाहिजे तेव्हा पाडा, स्टेशन घराच्या मागेच आणून ठेवा. खरं शहर असं करू देत नाही, ते अडून बसतं, आणि त्याच्या अडण्यातूनच मग गोष्टीला पुढचा रस्ता सापडतो.

समजा तुमची नायिका मे महिन्यात दुपारी दोन वाजता कोणाला तरी चोरून भेटायला निघाली. नागपूर आहे, नवतपा म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस चालू आहेत, पारा पंचेचाळीसच्या वर, महाल या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या ओस, दुकानांची शटरं अर्धी खाली. पहिल्यांदा वाटतं की हा सीन इथे होऊच शकत नाही, एवढ्या उन्हात कोण बाहेर पडेल. पण थोडं थांबून बघा ना, अख्खं घर कूलरपुढे आडवं झालंय आणि त्या घरघरीत कडी काढल्याचा आवाज कोणालाच जात नाही, आणि बाहेर स्कूटीवर डोकं-तोंड दुपट्ट्यात गुंडाळून चाललेली पोरगी कोणाची आहे हे सख्ख्या काकालासुद्धा ओळखता येत नाही, आणि या उन्हात तिने तोंड का बांधलंय असं विचारणारही कोणी नाही कारण सगळ्याच बांधतात. तिला निघता येतं ते उन्हामुळेच. आणि परत यायची वेळही ठरलेली, पाच वाजले की कूलरच्या टाकीत पाणी टाकायला घरातलं कोणीतरी उठणारच. ही धाकधूक तुम्हाला शहराने फुकटात दिली, डोकं खाजवून आणावी लागली नाही.

नाहीतर काही जण काय करतात, तर्री पोहे, सावजी, संत्रा बर्फी, झिरो माइल, फुटाळा एवढी नावं पेरून मोकळे होतात. त्यातल्या एकाही गोष्टीमुळे पात्राचं काही अडत नाही की काही बदलत नाही. ती नावं काढून तिथे पुण्याची टाकली तरी कथा जशीच्या तशी चालते, मग ते नागपूर कसलं? वाचणारा इथला असेल तर दोन पानांत ओळखतो.

आणि काळ मागचा घेतला तर खऱ्या शहराकडे काय काय पडलंय बघा. मला स्वतःला १९५६ चं नागपूर फार ओढून घेतं. १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी इथे लाखो लोकांसोबत धम्मदीक्षा घेतली. आणि १ नोव्हेंबरला, म्हणजे अवघ्या अठरा दिवसांनी, राज्य पुनर्रचना लागू झाली, तोवर मध्य प्रदेशची राजधानी असलेलं हे शहर द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं, राजधानी भोपाळला गेली, सरकारी नोकर दोन्हीकडे वाटले गेले. आता सचिवालयातला एक कारकून डोळ्यासमोर आणा. भोपाळ की मुंबई, भाड्याच्या घराचं काय, पोराची शाळा, म्हातारी आई जागची हलायला तयार नाही. आणि त्याच ऑफिसातला शिपाई आहे, त्याच्या घरी त्याच महिन्यात देव्हाऱ्यातले देव बाहेर निघालेत, भिंतीवर बुद्धाचा फोटो लागलाय. एकाचं शहर लहान होऊन राहिलंय आणि दुसऱ्याला ते पहिल्यांदा आपलं वाटून राहिलंय, आणि दोघं रोज एकाच टेबलाच्या दोन बाजूंना. काल्पनिक गावात हे लिहायचं तर आधी पन्नास पानं नुसती कारणं देत बसावं लागेल, इथे तारीख लिहिली की पुरे.

तुम्ही म्हणाल मालगुडी तर काल्पनिकच आहे. आहे, पण आर. के. नारायण पुस्तकामागून पुस्तक त्याच गावात परत येत राहिले तेव्हा ते इतकं पक्कं झालं. एका कादंबरीत तेवढं वजन आणणं कठीण आहे, अशक्य नाही म्हणत.

दुसरी शंका असते की तिथे राहिलंच पाहिजे का. तर मोगलीचं जंगल आपल्या शेजारचं, सिवनीचं, वैनगंगा नदी खरी, आणि 'जंगल बुक' लिहिणारा किपलिंग तिथे कधी गेलाच नव्हता असं त्याचे अभ्यासक सांगतात, दुसऱ्यांचं वाचून त्याने ते उभं केलं. तरी आज जबलपूर रोडने पेंचला जाणारा प्रत्येक माणूस तिथे मोगलीच शोधतो. म्हणजे वाचूनही जमतं, पण मन लावून वाचावं लागतं. १९५६ चं काही लिहायचं असेल तर नुसता इतिहास वाचू नका, त्या वर्षीचे पेपर काढून बघा, इथला हितवाद तर १९११ पासूनचा आहे. बातम्यांपेक्षा जाहिराती, भाव, सिनेमाच्या वेळा यातून माणसं जास्त कळतात.

एक सांभाळा, रस्ता आणि वस्ती खरी ठेवा पण घर, दुकान, ऑफिस तुमचं स्वतःचं असू द्या, म्हणजे खऱ्या माणसाच्या दारात नेऊन कोणाची बदनामी होणार नाही. शेरलॉक होम्सचा लंडनमधला बेकर स्ट्रीट खराच, पण २२१बी हा नंबर त्या काळी त्या रस्त्यावर नव्हता.

आणि वर्ष आधी नक्की करा, प्रश्नात तुम्ही ते लिहिलं नाही. मार्च २०१९ च्या आधीची गोष्ट असेल तर वर्धा रोडवर मेट्रो धावत नाहीये, तुमच्या नायिकेकडे स्कूटी नसेल तर तिला ऑटो करावा लागेल, आणि मग ऑटोवाल्याने तिला कुठे सोडलं हे आणखी एका माणसाला माहीत असणार.