मीटिंगमध्ये कोणी तोंड उघडत नाही म्हणून कंपनीने लीडरशिप कन्सल्टंट नेमलाय. तो सुरुवात कुठून करतो?
चांगला कन्सल्टंट साहेबांपासून सुरुवात करतो: वाईट बातमी कानावर आली की ते पहिल्या मिनिटात काय बोलतात, हे आधी बघतो. यामागे हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांचं संशोधन आहे. १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासताना त्यांना दिसलं, की चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद उलट जास्त होती. तिथे चूक सांगायची भीती नव्हती, असा अर्थ त्यांनी लावला. पुढे १९९९ साली एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीमच्या अभ्यासातून हीच कल्पना त्यांनी मांडली. म्हणून ‘काही शंका?’ विचारणं सोडा, त्यावर सगळे माना खाली घालून वहीत बघतात. ‘या तारखांमध्ये आपण कुठे अडकू?’ असं विचारा, आणि पहिलं उत्तर मध्ये न तोडता सगळ्यांसमोर लिहून घ्या. पुढच्याने बोलायचं की नाही, ते बहुतेक वेळा त्यावरच ठरतं. एक मात्र आहे: तिघांचं काम एकाच्या गळ्यात असेल तर यातलं काहीही पुरणार नाही, तिथे आधी माणसंच भरायला हवीत.